पासांग येणार नाही, असं मी म्हणालो

जे आधी सांगायला हवं ते आधीच सांगतो, नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी ते टाळेन. माझी ती सवय आहे. पासांग शेर्पा नेपाळात आपल्या गावी होता. आईचं दिवसकार्य उरकलं की सौदीत यान्बूला कामावर परतायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याचा परतीचा व्हिसा वाढवायचा का, असं आमच्या कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने मला विचारलं. मी म्हणालो, तो येणार नाही. तो येणार होता, आणि मला ते माहीत होतं. हे मी माझ्या बायकोलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही... आणि आता पासांग नाही. पावसाळा सरल्यावर, एका आठ हजार मीटर उंचीच्या शिखरावर, गिऱ्हाइकांसाठी दोर बांधत वर जाताना त्याच्यावर हिमस्खलन झालं. तो आणि बरोबरचे दोघं त्याखाली गेले. त्या दोघांपैकी एकाचं शरीर सापडलं. पासांगचं सापडलं नाही.

बातमी कळली ती शुक्रवारी, कँपच्या मेसमध्ये. जुम्म्याची नमाज झाली की त्या दुपारी बिर्याणी असते, म्हणून सगळे एकदमच जेवायला येतात. नेपाळी मंडळींच्या टेबलावर मात्र कुणी जेवत नव्हतं, सगळे एका फोनवर वाकले होते. मेसचा आचारी तमांग, त्याने मला हाताने बोलावलं आणि फोन माझ्यासमोर धरला. खालच्या छावणीतून कुणीतरी घेतलेला व्हिडिओ होता. डोंगराच्या कडेवरून धूर सुटल्यासारखं काहीतरी पांढरं निघालं, फुगत गेलं, पसरत गेलं आणि अख्खा उतार त्यात दिसेनासा झाला. बाकी आवाज नव्हता, फोन धरणाऱ्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तमांग म्हणाला, "पासांग दाइ." माझ्या खांद्यामागून माझा भाचा सुहेल वाकून बघत होता, हातात बिर्याणीची ताटली. म्हणाला, "मामू, हा तुमचा तोच माणूस ना? ज्याच्या जागेवर मी आलो?" मी हो म्हणालो. मग ताट वाढून घेतलं आणि जेवलो. पूर्ण जेवलो. त्या दिवशी मला दुसरं काही करताच येईना.

आता माणूस कसा होता ते सांगतो. मी स्कॅफोल्डिंगचा सुपरवायझर. रिफायनरीत टाकी दुरुस्त करायची, उंच मनोऱ्याला रंग द्यायचा, की आधी आमची टोळी जाऊन लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करते. त्यावर मग वेल्डर चढतात, इन्स्पेक्टर चढतात, साहेब लोक चढतात. काम संपलं की पुन्हा आम्ही वर जाऊन सगळं सोडवतो. माझ्या टोळीत निम्मे आमच्या रत्नागिरीकडचे, बाकीचे बंगाली, बिहारी आणि नेपाळी. पासांग आला तेव्हा त्याच्या कागदांवर अनुभव म्हणून काय लिहावं ते एजंटला कळलं नसावं, त्याने लिहिलं होतं, 'उंचीवर काम'. पाच फूट चार इंच उंची, रुंद छाती, गाल उन्हाने आणि बर्फाने कायमचे भाजलेले, आणि डोळ्यांवर एक भारीतला गॉगल, जो तो मेसमध्येसुद्धा काढत नसे. कुठल्या तरी जर्मन गिऱ्हाइकाने दिलेला होता. आरशात बघून केस सारखे करणं, दाढीला सुगंधी तेल लावणं, असला सगळा शौक होता, आणि दाढी म्हणाल तर हनुवटीवर मोजून चार केस. पासांग म्हणजे त्यांच्याकडे शुक्रवारी जन्मलेला. हे कळलं त्या दिवसापासून आमच्या पोरांनी त्याचं नाव 'जुम्माभाई' करून टाकलं. तो मला दाइ म्हणायचा. नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे दाई कुणाला म्हणतात हे सांगायला नको, आणि आमच्या पोरांनी ती संधी सोडली नाही, हेही सांगायला नको.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला कामावरून खाली उतरवलं होतं. तो हार्नेसचा हूक लावत नव्हता. पाइपांवरून असा चालायचा की जसा कुणी अंगणात चालतो. मी खालून ओरडलो तर वरून हसत म्हणाला, "दाइ, ये ऊंचाई नहीं है, ये तो कुर्सी है." मी त्याला दिवसभर खाली बसवून क्लॅम्प घासायला लावले. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. कॅरममध्ये लबाडी करायचा, ती तर उघडउघड. कोपराने सोंगटी सरकवायची आणि वर देवाची शपथ घ्यायची. मी विचारलं, कुठल्या देवाची, तर म्हणायचा, "आप के वाले की. मेरा वाला ग़ुस्सा करता है." त्याला कंटाळून मी डाव उधळून टाकला तरी दुसऱ्या संध्याकाळी तोच बोर्ड पुसून तयार ठेवलेला असे.

आणि समुद्राला मात्र घाबरायचा. सुट्टीच्या दिवशी कंपनीची बस आम्हाला यान्बूच्या किनाऱ्यावर सोडायची. मी खाडीकाठचा, पोहायला कधी शिकलो ते मला आठवत नाही. हा माणूस जगातल्या उंचातल्या उंच शिखरांवर जाऊन आलेला, पण तांबड्या समुद्राच्या घोटाभर पाण्यात पाय घालायला तयार नसे. पँट दुमडून, बूट हातात घेऊन, लाट जिथवर येते त्याच्या हातभर अलीकडे उभा राहायचा. मी एकदा दंडाला धरून ओढला तर त्याने खरोखर मला ढकललं. मग लाजला. म्हणाला, बर्फ निदान पायाखाली थांबतो, हे तर थांबतच नाही. मी त्यावर बरीच वर्षं त्याची चेष्टा केली. बर्फसुद्धा थांबत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, ते मला नंतर कळलं.

कळलं ते असं. एका उन्हाळ्यात आम्ही कंपाउंडच्या टोकाला एका टाकीवर काम करत होतो आणि वाळवंटाच्या बाजूने धुळीचं वादळ येताना दिसलं. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, ती भिंतच असते. तपकिरी, आभाळाला टेकलेली, आणि लांबून अगदी सावकाश येतेय असं वाटणारी. अशा वेळी नियम ठरलेला आहे, हत्यारं बांधायची, खाली उतरायचं, कंटेनरमध्ये जाऊन बसायचं. आम्ही सगळे यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत चाललो होतो. पासांग धावला. कंटेनरकडे नाही, उलट्या बाजूला, रस्त्याकडेला काँक्रीटचे ठोकळे असतात त्यांच्यामागे. तिथे अंगाचं मुटकुळं करून पडला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडापुढे धरून. धूळ आली, अंधारलं, गेली. आम्ही कंटेनरबाहेर आलो तरी तो तसाच. आमच्यातला एक ओरडला, "जुम्माभाई, उठा आता, धूळ होती, वाघ नव्हता." सगळे हसले. तोही उठला, हसला, गॉगल पुसला, खांद्यावरची माती झटकली. पण चहा घेऊन तो आमच्यापासून लांब जाऊन बसला. मी त्याच्या बाजूला जाऊन बसलो आणि काही विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही. थोड्या वेळाने तोच बोलायला लागला.

तो शिखरावर चढणारा गिर्यारोहक नव्हे, शिखरावरचा कामगार होता. हा फरक त्यानेच मला समजावून दिला. गिऱ्हाइकं परदेशातून येतात. त्यांचे तंबू, गॅस, भांडी, प्राणवायूच्या नळ्या, सगळं पाठीवर घेऊन शेर्पा आधी वर जातात, दोर बांधतात, शिड्या टाकतात. वाटेत हिमनदी फुटून तयार झालेला बर्फाच्या कड्यांचा पट्टा लागतो, घराएवढे ठोकळे नुसते एकमेकांवर टेकून उभे. तो उजाडायच्या आत ओलांडायचा, कारण ऊन लागलं की ते सुटतात. गिऱ्हाइकं तो पट्टा मोजक्या वेळा ओलांडतात. सामान नेणारे हंगामभर ओलांडतच असतात. "वही काम है दाइ," तो म्हणाला होता, समोरच्या आमच्या सांगाड्याकडे हनुवटी उडवून. "पहले हम चढ़ते हैं, आख़िर में हम उतरते हैं. बीच में साहब लोग फोटो खींचते हैं."

एके पहाटे तो आणि त्याच्या बायकोचा भाऊ त्या पट्ट्यातून वर चालले होते. मेहुणा थोडा पुढे होता, त्याच्या पाठीवर स्वयंपाकाचं सामान. वरून कडा सुटला. पासांग म्हणाला, बर्फ आधी येत नाही, आधी वारा येतो, आणि त्या वाऱ्यातच श्वास बंद होतो. तोंडापुढे हात धरायचे, म्हणजे बर्फ थिजला तरी तेवढी पोकळी राहते, श्वासापुरती. हे लहानपणी बापाने शिकवलेलं, शरीराने आपोआप केलं. तो कमरेपर्यंतच गाडला गेला होता. सुटून बाहेर आला आणि समोर सांडलेल्या सामानातलं एका पातेल्याचं झाकण उचलून त्याने मेहुण्याला उकरायला सुरुवात केली... पुढचं त्याने सांगितलं नाही. चहा गार झाला होता, तो त्याने वाळूत ओतला. एवढंच म्हणाला की घरी गेल्यावर ल्हामूने, त्याच्या बायकोने, धाकट्या मुलीला त्याच्या मांडीवर बसवलं आणि म्हणाली, माझा भाऊ गेला तेवढं पुरे, आता तू चढणार नाहीस. तसा तो सौदीला आला. मी म्हटलं, बरं केलंस. तो म्हणाला, "यहां का काम है तब तक ठीक है. ये छूटा तो मुझे दूसरा क्या आता है, दाइ? वहीं जाना पड़ेगा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. पुढे जे केलं ते हे वाक्य ऐकलेल्या माणसाने केलं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. मला कल्पना नव्हती, असं म्हणायची सोय मला नाही.

माझे अब्बा गेले तेव्हा रिफायनरीत शटडाऊन चालू होता, म्हणजे सगळा प्लांट बंद करून दुरुस्ती, आणि अशा वेळी कुणालाही सोडत नाहीत. तसंही आमच्यात त्याच दिवशी दफन करतात, मी पोहोचलो नसतोच. फोन ठेवला आणि खोलीत बसून राहिलो. गावची माणसं येऊन फातिहा पढून गेली. पासांग मात्र गेला नाही. त्याने मेसमधून बटाटे आणले, किसले, तव्यावर त्यांची जाडजूड भाकरीसारखी पोळी केली, वर लाल मिरचीची चटणी, आणि माझ्यासमोर ठेवून जमिनीवर बसला. ती करपली होती. स्वयंपाक त्याला येत नव्हता. मी खाल्ली. त्याने विचारलं, तुमच्यात दिवस किती पाळतात? मी म्हटलं, चाळिसावा करतात. म्हणाला, "हमारे यहां उनचास. आप के लोग जल्दी पहुंच जाते हैं." आणि मग स्वतःच घाबरला की असं बोलायला नको होतं का. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. अब्बा गेल्याचं मी रडलो ते तेवढंच. शटडाऊन संपल्यावर मला सुट्टी मिळाली, पण चाळिसाव्यापर्यंत थांबायचं तर कुणीतरी माझी टोळी सांभाळायला हवी होती. पासांगने ती सांभाळली. स्वतःचं काम करून वर माझं. परत आलो तर त्याने कसलाच हिशेब सांगितला नाही, फक्त एवढं म्हणाला की तुमची रत्नागिरीची पोरं फार कामचुकार आहेत.

मागच्या हिवाळ्यात त्याची आई वारली. त्याला महिन्याची सुट्टी मिळाली. विमान, जीप आणि मग चालत, असं करत तो गावी पोहोचला तोवर आईला अग्नी दिला होता. तिथून त्याने फोन केला. एकोणपन्नासाव्या दिवसाची मोठी पूजा मुलाने करायची असते. त्याच्याआधी निघालो तर आई वाटेत अडकून राहील, असं लामा सांगतात. परतीचा व्हिसा महिनाभर वाढवता येईल का? असा व्हिसा माणूस बाहेर असतानाही कंपनीला वाढवता येतो, त्यात काही अवघड नाही. मी म्हटलं, निर्धास्त राहा, करतो. आणि तेव्हा मी खरंच करणार होतो. चाळिसाव्याला घरी थांबणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पण त्याच सुमारास दर शुक्रवारी आपाचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, फोन यायचा. आपा विधवा. तिचा सुहेल चिपळूणला एका दुकानात होता, लग्न झालेलं, मूल झालेलं, दुकान बंद पडलेलं. ती ओरडायची नाही, रडायचीही नाही. "अरे, तुझ्या हाताखाली एवढी माणसां," ती म्हणायची, "त्यात एक आपला नाय बसत?" आमच्या कोकणात ही रीतच आहे. जो आधी आखातात गेला त्याने मागच्याला ओढायचं. मलाही मामूनेच आणलं होतं. ज्याने गावचा एकही माणूस आणला नाही, त्याच्याकडे लग्नाकार्यात लोक कसे बघतात ते मी पाहिलेलं आहे. कंपनी तर नवीन माणूस घ्यायला तयार नव्हती. जागा रिकामी झाली तर बघू, असं म्हणायची.

ऑफिसात थॉमस म्हणून केरळचा गृहस्थ आहे, इकामे, म्हणजे इथले राहण्याचे परवाने, आणि व्हिसे तो बघतो. भर दुपारी मी कसल्या तरी सह्यांसाठी त्याच्या टेबलापाशी उभा होतो. त्याने कॉम्प्युटरवरून मान न वळवताच विचारलं, "मुकादम भाई, ये शेर्पा का बढ़ाना है क्या? वापस आएगा?" मी म्हणालो, "नहीं आएगा." दोन शब्द. थॉमसने विचारलंही नाही की कशावरून. एवढ्या वर्षांच्या सुपरवायझरला कोण विचारतं... मला बाहेर यायला पाच पावलं चालावी लागली असतील. त्या पाच पावलांत मागे वळता आलं असतं. त्या संध्याकाळी वळता आलं असतं. व्हिसाला अजून दिवस होते, त्यातला कुठलाही एक दिवस चालला असता. मी आपाला फोन केला आणि म्हटलं, सुहेलचा पासपोर्ट तयार ठेव.

पासांगचा फोन यायचा. मी सांगायचो, सिस्टीम बंद आहे, साहेब सुट्टीवर आहेत, प्रयत्न चालू आहे. तो मलाच धीर द्यायचा. त्याच्या व्हिसाची मुदत टळली, मग पूजाही झाली. इथल्या सरकारी कॉम्प्युटरात अशा माणसापुढे एक शेरा पडतो, 'गेला आणि परत आला नाही'. तो शेरा पडला की पुन्हा सौदीत यायची वाट अवघड होऊन बसते. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "कोई बात नहीं दाइ. आप ने तो कोशिश किया." आणि माझ्या बायकोची तब्येत विचारली. तिला गुडघ्याचा त्रास आहे, हे त्याच्या लक्षात होतं.

सुहेल आला. चांगला मुलगा आहे, हूक न विसरता लावतो. त्याचा यात काही दोष नाही, हे इथे लिहून ठेवतो. पासांग काठमांडूला एजंटांच्या दारात चकरा मारत राहिला, कतारसाठी, मलेशियासाठी. पावसाळा संपता संपता त्याचा शेवटचा फोन आला. एका मोहिमेने दोर बांधायच्या टोळीत बोलावलं होतं. म्हणाला, एकच हंगाम, तोवर कतारचं होईल. ल्हामू बोलत नाही, म्हणाला, जेवण वाढते पण बोलत नाही. मी तेव्हा म्हणू शकलो असतो की जाऊ नकोस, थांब, मी थॉमसकडे जातो, माझी चूक झालीय ते त्याला सांगतो, नव्या व्हिसासाठी काय करता येईल ते बघतो. मी म्हणालो, "संभाल के." तो हसला आणि म्हणाला, "हां दाइ, हूक लगाऊंगा."

बातमी आल्यावर आठवडा गेला तरी मी ल्हामूला फोन केला नाही. तिचाच आला. आम्ही पूर्वी कधी बोललो नव्हतो, पासांगच्या व्हिडिओ कॉलवर ती लांबून हात जोडायची तेवढीच ओळख. तिचं हिंदी मोडकं होतं. शरीर सापडलं नाही तेव्हा पूजेला त्याच्या अंगावर घातलेलं काहीतरी लागतं, तिकडे कँपात काही राहिलंय का, हे विचारायला तिने फोन केला होता. मी म्हटलं, बघतो. मग ती बोलत गेली. तो सुट्टीचा महिना संपायच्या आतच निघत होता, म्हणाली. बॅग भरली होती. दाइ करतील म्हणालेत, पण आपण उगीच त्यांना त्रास कशाला द्यायचा, असं म्हणत होता. तिनेच बॅग उघडून कपडे काढून ठेवले.

"मैंने रोका, दाइ. मैंने बोला, आमा का काम पूरा करके जाओ. मैंने रोका तो वीजा गया. वीजा गया तो वो पहाड़ गया. पहले मेरा भाई, अभी ये. सब मेरे से हुआ."

ती रडत नव्हती, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं सांगत होती. आणि मग थांबली. ती थांबली ती माझ्यासाठी. मी काहीतरी बोलावं म्हणून. मला नंतर कितीदा वाटलं, की ते थांबणं म्हणजे तिने माझ्यासाठी उघडलेलं दार होतं, तिला माहीत नसताना. मी म्हणालो, "भाभी, ऊपरवाले की मर्जी." थॉमसच्या टेबलापाशी मी खोटं बोललो ते भाच्यासाठी, असं निदान म्हणता येईल. हे कुणासाठी बोललो? आयुष्यभर पाच वक्त ज्याच्यापुढे वाकलो, त्याच्यावर माझं काम ढकलून मी मोकळा झालो. ती म्हणाली, "हां दाइ." आणि माझ्या बायकोच्या गुडघ्याचं विचारलं. म्हणजे त्या घरात माझ्याबद्दल असंच सगळं बोललं जात होतं.

स्टोअरमध्ये त्याची एक पिशवी होती. त्यात कामाचा निळा शर्ट, कॉलरला अजून त्या तेलाचा वास. तमांग सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर तो शर्ट पाठवला. पोहोचला, असा निरोप आला. पूजा नीट झाली, लामा म्हणाले की आता तो अडकलेला नाही, असंही तमांगने कळवलं. ल्हामूने मात्र त्या दिवसापासून घराबाहेर पडणं सोडलंय, असं तिची मोठी मुलगी त्याला म्हणाली. गावातल्या काही बायकाही तसंच बोलतात, की हिनेच अडवून धरला म्हणून.

या पुरवणीत हा लेख येईल तेव्हा आपा तो वाचेल, सुहेल वाचेल, गावात माझ्याकडे लोक कसे बघतील ते मला ठाऊक आहे. ते मला चालेल. पण खरं सांगायचं तर हेही मी मराठीत लिहितोय, म्हणजे जिला हे कळायला हवं तिला न कळणाऱ्या भाषेत. इथेसुद्धा मी आडच उभा आहे. मला रमजाननंतर सुट्टी आहे. काठमांडूपर्यंत विमान, पुढे जीप, मग चालत, हे सगळं पासांगने मला अनेकदा सांगितलेलं आहे, तेव्हा वाट माहीत नाही असं म्हणता येणार नाही. जाईनच, असं छातीठोकपणे लिहायचा अधिकार मी गमावला आहे, कारण 'करतो' असं मी आधीही एकदा म्हणालो होतो.

ल्हामूने त्याला थांबवलं म्हणून व्हिसा गेला नाही. मी नाही म्हणालो म्हणून गेला. हे तिला तिच्यासमोर बसून, तिला समजेल अशा भाषेत सांगणं मी तिचं देणं लागतो, आणि आज हे लिहीत असताना ते मी दिलेलं नाही.